‘संपन्न झाले’ आणि ‘उपस्थित राहावे’ : लहान महाविद्यालयातील साप्ताहिक वार्तापत्राची भाषा

प्रस्तावना

महाविद्यालयातील लेखनव्यवहाराचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने वार्षिक नियतकालिकाकडे जाते. त्याच्या स्पर्धा होतात, त्याला पारितोषिके मिळतात, एखाद्या लेखकाच्या चरित्रात ‘पहिली कविता महाविद्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली’ असा उल्लेखही सापडतो. त्या मानाने आठवड्याला निघणारे एक-दोन पानी वार्तापत्र, सूचनाफलकावरील ‘आगामी कार्यक्रम’ आणि स्थानिक दैनिकाकडे पाठविले जाणारे प्रसिद्धिपत्रक यांना लेखन म्हणून कोणी गणत नाही. वस्तुतः तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या लहान महाविद्यालयात सर्वांत नियमितपणे लिहिले जाणारे गद्य हेच होय. नियतकालिक वर्षातून एकदा निघते. वार्ता दर आठवड्याला लिहावीच लागते.

प्रस्तुत लेखात या गद्याच्या भाषेची चिकित्सा केली आहे. विवेचनाची व्याप्ती महाराष्ट्रातील ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांपुरती मर्यादित आहे. उदाहरणादाखल दिलेली वाक्ये एखाद्या विशिष्ट महाविद्यालयाची नसून या लेखनप्रकारात रूढ झालेल्या साच्याची आहेत.

अध्यापक आणि साप्ताहिक यांचे नाते मराठीत नवे नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले, प्रारंभी पाक्षिक असलेले ते त्याच वर्षी साप्ताहिक झाले आणि पुढे जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले व दुसऱ्याच वर्षी त्या शाळेतील अध्यापकांनी ‘केसरी’ काढला. त्याचे पहिले संपादक आगरकर हेच पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कोल्हापूर प्रकरणातील लेखनाबद्दल १८८२ साली त्यांना व टिळकांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. महाविद्यालयाच्या चार भिंतींतील वार्तापत्राकडून असल्या धैर्याची अपेक्षा कोणी करणार नाही, करूही नये. परंतु शिकविणाऱ्या माणसाने आठवड्याला लिहिलेला मजकूर कोणीतरी खरोखर वाचावा म्हणून लिहिलेला असतो, एवढी किमान अपेक्षा या परंपरेतून ठेवता येते. ती कितपत पूर्ण होते, हाच येथील प्रश्न आहे.

वृत्ताचा साचा

कोणत्याही वार्तापत्रातील कोणतेही वृत्त घेतले तरी त्याची मांडणी सहसा बदलत नाही. प्रथम विभागाचे नाव, नंतर दिनविशेष, नंतर प्रतिमापूजन व दीपप्रज्वलन, नंतर विचारमंचावरील मान्यवरांची नावे. ही नावे पदांच्या उतरत्या क्रमाने येतात. त्यानंतर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणातील एक वाक्य, अध्यक्षीय मनोगतातील एक वाक्य आणि शेवटी प्रास्ताविक, सूत्रसंचालन व आभार कोणी केले त्याची नोंद. ‘यावेळी विद्यार्थी-विद्यार्थिनी बहुसंख्येने उपस्थित होते’ या वाक्याने बहुधा वृत्त संपते.

या साच्यातील क्रियापदे लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. मान्यवर ‘प्रतिपादन करतात’, ‘आवाहन करतात’, ‘शुभेच्छा देतात’. तेथे कर्ता नावानिशी येतो. याउलट प्रत्यक्ष कामाचा उल्लेख आला की वाक्य ‘करण्यात आले’ या वळणावर जाते. वृक्षारोपण करण्यात आले. परिसर स्वच्छ करण्यात आला. सर्वेक्षण करण्यात आले. खड्डे कोणी खणले, झाडू कोणी हाती घेतला, घरोघर कोण हिंडले हे या रचनेत सांगावेच लागत नाही. बोलणाऱ्याला कर्तृपद आणि राबणाऱ्याला अध्याहृत स्थान, अशी ही विभागणी आहे. ती कोणी ठरवून केलेली नसली तरी दर आठवड्याला गिरविल्याने पक्की झाली आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिराचे वृत्त हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते. शिबिर दत्तक गावी होते. मुले-मुली शाळेच्या खोल्यांत किंवा देवळात राहतात, पहाटे उठतात, सकाळी श्रमदान करतात, दुपारी व्याख्यान ऐकतात आणि रात्री गावकऱ्यांपुढे पथनाट्य करतात. अनेक मुलींच्या आयुष्यात घराबाहेर सलग सात रात्री राहण्याचा तो पहिलाच प्रसंग असतो. वार्तापत्रात मात्र या सात दिवसांतून उद्घाटन व समारोप हे दोनच दिवस उरतात, कारण त्या दोनच दिवशी पाहुणे येतात. मधल्या पाच दिवसांचे वृत्त ‘शिबिरकाळात वनराई बंधारा बांधण्यात आला’ या एका वाक्यात आटोपते. किती पोती भरली, माती कोठून आणली, कोणता ओढा अडविला, पहिली रांग वाहून गेल्यावर काय केले, गावातील कोणा जाणत्याने जागा बदलायला लावली का, याविषयी एक अक्षर नसते. पाणी किती दिवस टिकले हे तर फेब्रुवारीत पुन्हा गावी गेल्याशिवाय कळणारच नाही आणि वार्ताहर तोवर पुढच्या दिनविशेषाकडे वळलेला असतो. बंधारा हा कामाचा विषय आहे, त्याची बातमी पुढेही चालू राहू शकते. समारोप एकदा झाला की संपतो. साच्याने नेमकी संपणारी बातमी निवडलेली आहे.

‘कमवा आणि शिका’ योजनेची गतही निराळी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या विचारातून रुजलेल्या या योजनेच्या उद्घाटनाचे वृत्त येते, छायाचित्र येते. तासाला किती रुपये मिळतात व ते कधी हाती पडतात हे येत नाही. ज्या मुलाला या योजनेत नाव घालायचे आहे, त्याच्यासाठी तेवढीच बातमी असते.

भित्तिपत्रकाचे अनावरण

महाविद्यालयीन वार्तेच्या इतिहासात भित्तिपत्रकाला स्वतंत्र स्थान द्यावे लागेल. ड्रॉइंग पेपरवर हाताने लिहिलेला, कडेने वेलबुट्टी काढलेला, खिळ्यांनी किंवा टाचण्यांनी फलकावर लावलेला हा मजकूर. छपाईचा खर्च नसल्याने लहान महाविद्यालयाला तो परवडतो. त्याची वैशिष्ट्ये केवळ काटकसरीची नाहीत. हस्ताक्षर ओळखीचे असते, त्यामुळे लेखिका कोण हे नाव न वाचताही वर्गाला कळते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक महिनाभर सर्वांसमोर राहते आणि कधी कधी कोणीतरी पेन्सिलीने ती दुरुस्तही करते. वाचक उभ्याने, दोन तासांच्या मधल्या वेळेत वाचतो. म्हणून मजकूर आपोआप आखूड व नेमका होतो. विद्यार्थी येथे खऱ्या अर्थाने वार्ताहर असतो.

या भित्तिपत्रकाची बातमी जेव्हा वार्तापत्रात येते तेव्हा जे घडते ते विचार करण्याजोगे आहे. ‘भूगोल दिनानिमित्त भित्तिपत्रकाचे अनावरण प्राचार्यांच्या हस्ते करण्यात आले’ असे वृत्त दर जानेवारीत येते. प्रा. सी. डी. देशपांडे यांचा १४ जानेवारी हा जन्मदिवस महाराष्ट्रात भूगोल दिन म्हणून पाळला जातो आणि बहुतेक भूगोल विभाग त्या दिवशी भित्तिपत्रक लावतात. वृत्तातून अनावरण कोणी केले, फीत कोणी धरली, कोण उपस्थित होते, सारे कळते. भित्तिपत्रकात काय लिहिले होते, हे कळत नाही. द्वितीय वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीने स्वतःच्या गावातील विहिरींची पातळी विचारून नकाशा काढला असेल, तर तो नकाशाच खरी वार्ता होय. छायाचित्रातही तो मान्यवरांच्या पाठीमागे झाकलेला असतो. साहित्यसमीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर येथे संहितेचे परीक्षण न होता प्रकाशन-समारंभाचेच परीक्षण होते. मराठी पुस्तकांच्या वृत्तपत्रीय परिचयांतही हा दोष आढळतो, तेव्हा एकट्या महाविद्यालयांना दोष देणे अन्यायाचे ठरेल.

दिनविशेषांचे वर्ष

वार्तापत्राचा आठवडा दिनविशेषांवर चालतो. ऑगस्टमध्ये ग्रंथपाल दिन, सप्टेंबरात शिक्षक दिन, हिंदी दिन व सेवा योजनेचा वर्धापनदिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन. यांपैकी एकही दिवस अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तारीख आणि पाहुण्यांचे नाव बदलले की मागील वर्षाचे वृत्त या वर्षी चालते, आणि चालते म्हणून चालविले जाते. नावांच्या जागा रिकाम्या ठेवलेला मसुदा कार्यक्रमापूर्वीच तयार असू शकतो. जे वृत्त घटनेआधी लिहिता येते त्यात घटनेतून काही येण्याची सोयच नसते.

यामागील कारणे लेखकाच्या आळसात शोधणे बरोबर नाही. लहान महाविद्यालयात प्रसिद्धी समितीचे काम बहुधा मराठीच्या अध्यापकाकडे येते. ज्याला मराठी येते त्याला बातमी लिहिता येते, असा समज त्यामागे असतो. सूत्रसंचालन, मानपत्राचा मजकूर आणि पत्रिकेचे शुद्धलेखनही त्याच्याचकडे असते. अनेक ठिकाणी हा अध्यापक तासिका तत्त्वावर असतो, त्याची नेमणूक दर वर्षी नव्याने व्हायची असते. पदाधिकाऱ्याचे नाव राहिले तर खुलासा द्यावा लागतो; स्वयंसेवकाचे राहिले तर कोणी विचारत नाही. अशा स्थितीत ‘करण्यात आले’ ही रचना लेखकाचे चिलखतही असते, हे मान्य केले पाहिजे.

दुसरे कारण वाचकाच्या बदलाचे आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद म्हणजेच नॅक १९९४ साली स्थापन झाली आणि पुढील काळात महाविद्यालयीन उपक्रमांची नोंद ठेवण्याला महत्त्व आले. २०१७ च्या सुधारित पद्धतीनंतर संख्यात्मक निकष व त्यांची पडताळणी यांवर भर वाढला आणि स्थाननोंद असलेली, तारीख व मथळा दिलेली छायाचित्रे पुराव्यादाखल मागितली जाऊ लागली. उपक्रमांची नोंद असणे चांगलेच. त्यापूर्वी कित्येक महाविद्यालयांत काय झाले याचा मागमूसही राहत नसे. मात्र वृत्ताचा वाचक त्यामुळे बदलला. ते आता वर्गातील मुलांसाठी लिहिले जात नाही. पाच वर्षांनी एखादी नस्ती उघडणाऱ्या अनोळखी समितीसाठी लिहिले जाते. समितीला नकाशातील विहिरी नकोत, उपस्थितांची संख्या व स्वाक्षऱ्या हव्यात. ‘संपन्न’ या शब्दाला अलीकडे जे महत्त्व आले आहे त्याचे मूळ येथे आहे. संपन्न म्हणजे पूर्ण झालेले, पुन्हा न उघडण्याजोगे, नस्तीत लावण्यास योग्य.

‘आगामी’ची दरिद्री बाजू

वार्तापत्राचा दुसरा भाग आगामी कार्यक्रमांचा. झालेल्या कार्यक्रमाला अर्धे पान मिळते, होणाऱ्या कार्यक्रमाला एक ओळ. वास्तविक विद्यार्थ्याला उपयोग दुसऱ्या भागाचा. झालेले त्याने पाहिलेले असते किंवा चुकविलेले असते. त्याविषयी आता काही करता येत नाही. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी अर्जाची अंतिम तारीख, परीक्षा अर्जाचे विलंब शुल्क, सुट्टीत ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे राहणार, पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धेसाठी निवड चाचणी कोणत्या खोलीत आहे, या वार्ता सूचनाफलकाच्या काचेआड लहान टंकात असतात आणि बहुधा मुदत संपल्यावर दिसतात. वार्तापत्रात त्यांना स्थान नसते, कारण त्यांत कोणी पाहुणे येत नाहीत.

येथील क्रियापदही पाहण्यासारखे आहे. ‘सर्व विद्यार्थ्यांनी ठीक अकरा वाजता सभागृहात उपस्थित राहावे.’ क्वचित ‘उपस्थिती बंधनकारक आहे’ अशी जोड असते. भूतकाळाच्या वृत्तात ज्याला कर्तेपण नाकारले, तोच भविष्यकाळाच्या सूचनेत विध्यर्थाचा धनी होतो. दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ‘या कार्यक्रमात तुम्हाला काय विचारता येईल’, ‘कोणता तास बुडेल’, ‘कोणाला बोलायचे असल्यास नाव कोणाकडे द्यावे’, अशा वर्तमानकाळातल्या वाक्याला जागा नाही. विद्यार्थ्याने काही ठरवावे अशी सोय त्या सूचनेत नसते.

खेड्यातून येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे विशेष जाणवते. त्यांचा दिवस एसटीच्या पासावर व परतीच्या गाडीवर आखलेला असतो. ‘दुपारी ठीक तीन वाजता’ असे छापलेले व्याख्यान पाहुण्यांच्या आगमनानंतर सुरू होते. सत्कार व परिचय झाल्यावर मूळ विषयाला तोंड फुटते तेव्हा साडेचारच्या गाडीची वेळ झालेली असते आणि मागच्या रांगेतून मुली एकेक करून, पायांचा आवाज न करता, बाहेर पडू लागतात. कधी व्यासपीठावरून त्यांना शिस्तीची आठवण करून दिली जाते. कार्यक्रम किती वाजता संपेल हे सूचनेत आधी लिहिले असते, तर तो दोनला ठेवा असे कोणी सांगितले असते. किमान त्यांनी घरी निरोप ठेवला असता. संपण्याची वेळ सूचनेत लिहिण्याचा प्रघात नाही. पुढील आठवड्याच्या वार्तापत्रात विद्यार्थिनींच्या बहुसंख्य उपस्थितीचा उल्लेख येतो. सोबतचे छायाचित्र दीपप्रज्वलनाच्या वेळचे, सव्वातीनच्या सुमाराचे असते.