‘रोगमुक्त’ म्हणजे नेमकं कशापासून मुक्त?

रेशीम अंडीपुंजांवर पीएचडी करायचा विचार असेल, तर लिटरेचर रिव्ह्यू गेल्या पाच वर्षांतल्या पेपरांपासून सुरू करू नका. आधी लुई पाश्चर यांचा १८७० सालचा रेशीमकिड्यांच्या रोगावरचा दोन खंडांचा ग्रंथ उघडा. फ्रेंचमध्ये आहे, मीही डिक्शनरी घेऊनच बसले होते. पण वेळ वाया गेला नाही.

१८६५ मध्ये पाश्चर दक्षिण फ्रान्समधल्या आलेसला पोचले. माणूस रसायनशास्त्राचा, रेशीमकिड्यांशी आधी काही संबंध नाही. तिथे पेब्रिन रोगाने शेतकरी हवालदिल झालेले. त्यांनी बसवलेली पद्धत अगदी साधी. प्रत्येक मादी पतंगाला वेगळ्या कापडाच्या तुकड्यावर अंडी घालू द्यायची. मग ती मादी पाण्यात कुटून एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. कण दिसले, की तिची अंडी नष्ट. पेब्रिन आईकडून अंड्यात उतरतो, म्हणून तपासायची ती आई. आपल्या अंडीपुंज निर्मिती केंद्रांत आजही मुळात हेच चालतं. फरक इतकाच की अनेक ठिकाणी पतंगांचे नमुने एकत्र कुटून तपासतात.

मला या ग्रंथात सगळ्यात आवडलं ते वेगळंच. सुरुवातीला पाश्चर चुकले होते! ते कण म्हणजे परजीवी नव्हेत, आजारी शरीरातच तयार होणाऱ्या पेशींसारखं काहीतरी आहे, असं ते म्हणत होते. तरीही कणांवरून मादी निवडायची त्यांची शिफारस योग्यच निघाली. कारण कळायच्या आधी खूण हाती लागू शकते. मेकॅनिझम सापडत नाही म्हणून रडत बसलेल्यांनी (त्यात मीही आले) हे जरूर वाचावं.

आता तक्रार. ग्रंथाच्या मुख्य शीर्षकात ‘रोग’ एकवचनी आहे, आणि पुढे त्यावरच्या खात्रीशीर उपायाची हमी. आत मात्र पहिल्याच खंडाचे विषय दोन, पेब्रिन आणि फ्लॅचरी. कण नसलेल्या अंड्यांतल्या अळ्याही मरतात, हे पाश्चर यांनी स्वतः पाहिलं होतं आणि त्यावर भरपूर लिहिलंही. मग शीर्षक इतकं ठाम कशाला? त्यांची चाचणी एका रोगाची होती, हमी मात्र सगळ्या पिकाची वाटते.

हीच गल्लत आज आपल्याकडे एका शब्दात मुरली आहे. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ म्हणजे पेब्रिनमुक्त, एवढंच. ग्रासरीचा विषाणू शेडमधून येऊ शकतो, फ्लॅचरी ओल्या किंवा निकृष्ट पाल्याने बळावते. चांगली अंडी भर उन्हात पेटीतून नेली तरी बिघडतात. फुटायच्या आधी दोनेक दिवस अंधारात ठेवली नाहीत, तर अळ्या एकदम बाहेर येत नाहीत, आणि मग एकाच रॅकवर लहानमोठ्या अळ्या. यातलं काहीच आईच्या थेंबात दिसत नाही.

मराठवाड्यातल्या एका शेडवर मी हे पाहिलं. शंभर अंडीपुंजांची बॅच, म्हणजे साधारण चाळीस-पन्नास हजार अळ्या, चौथ्या कातेनंतर मरायला लागल्या. ‘अंडी तर रोगमुक्त होती, मग चूक तुमचीच,’ असं त्या काकांना सांगितलं गेलं. चूक त्यांची असेलही. पण त्या दाखल्यावरून ती सिद्ध होत नाही.

म्हणून असा पेपर हातात आला की मेथड्स सेक्शनमध्ये बघा: ‘गुणवत्ता’ म्हणून काय मोजलंय? बऱ्याच वेळा प्रयोगशाळेतली अंडी फुटण्याची टक्केवारी असते. ती ९५ असली तरी शंभर अंडीपुंजांमागे किती किलो कोष निघाले, हे त्यातून कळत नाही. अंडी केंद्रातून निघून चॉकीपर्यंत किती तासांत, किती तापमानात पोचली, हे तर क्वचितच लिहिलेलं असतं.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ते नव्हतं. आता प्रत्येक पेटीत एक छोटा तापमान लॉगर ठेवते. गाइड म्हणाले, बजेट वाढेल. वाढलं.