स्थिर वाण, अस्थिर मोजपट्टी

मक्याचा एखादा संकर वाण 'स्थिर उत्पन्न देणारा' म्हणून सांगितला जातो, तेव्हा ही स्थिरता कोणत्या मापाने मोजली, हे विचारायला हवे. आपल्या देशात १९५७ साली समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला आणि १९६१ मध्ये त्यातून पहिले संकर वाण प्रसृत झाले. तेच वाण अनेक ठिकाणी पेरून पारखण्याची पद्धत तेव्हापासून रुळली. या चाचण्यांच्या आकड्यांवरून स्थिरता ठरवण्यासाठी एबरहार्ट व रसेल यांनी १९६६ साली सुचवलेली रीत आजही वापरली जाते.

रीत सोपी आहे. प्रत्येक ठिकाणी सर्व वाणांच्या उत्पन्नाची सरासरी काढायची. ही सरासरी म्हणजे त्या ठिकाणाची प्रत. ती आडव्या अक्षावर व एका वाणाचे उत्पन्न उभ्या अक्षावर मांडून रेषा काढायची. उत्पन्नाची सरासरी जास्त, रेषेचा चढ १ आणि बिंदू रेषेला धरून असतील, तर तो वाण स्थिर.

समजा, तीन ठिकाणी 'अ' वाणाने हेक्टरी २०, ५० व ८० क्विंटल दिले आणि 'ब' ने ३५, ४५ व ५५. 'अ' चा चढ येतो १.५, 'ब' चा ०.५. आता 'अ' सारखेच उत्पन्न देणारा 'क' वाण चाचणीत घाला. 'अ' चा चढ १.२९ वर उतरतो, 'ब' चा ०.४३ होतो. शेतात एक दाणाही इकडचा तिकडे झालेला नाही, तरी 'अ' अधिक स्थिर ठरला! ज्यांना मोजायचे, त्यांचीच मोजपट्टी केली की असे होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरासरीत 'अ' पुढे आहे, ५० विरुद्ध ४५. पण वाईट ठिकाणी तो १५ क्विंटलने मागे पडतो. मका चाचण्यांच्या द्वीपकल्पीय विभागात महाराष्ट्र आणि तमिळनाडू एकत्र येतात. वाडी-नागपूरकडे जवळजवळ सारा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, तर कोईमतूरला मुख्य पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचले की मक्याची रोपे पिवळी पडतात. उलट तुरा येताना पावसाने ओढ दिली तर कणसे दाण्यांनी भरत नाहीत. हे दोन्ही धोके विभागाच्या सरासरीत दिसत नाहीत. कोरडवाहू शेतकऱ्याचे कर्ज मात्र वाईट वर्षीच थकते.

या रीतीने सरासरीपलीकडे पाहायला शिकवले, हे तिचे श्रेय आहेच. परंतु शिफारशीसोबत प्रत्येक ठिकाणचे आणि सर्वांत कमी उत्पन्नही छापले पाहिजे. शिक्षकांनी वरील आकडे विद्यार्थ्यांना आलेख कागदावर मांडायला द्यावेत आणि विचारावे : पाण्याची सोय नसलेल्या शेतात तुम्ही कोणता वाण पेराल?