आधार दिसत नाही, एवढे पुरे आहे का?

वस्तुसंग्रहालयात मातीची भांडी, कांस्यमूर्ती, हस्तिदंती कोरीवकाम काचेआड मांडलेले असते. पुष्कळदा वस्तू अधांतरी उभी आहे असा भास होतो. बाजूने वाकून पाहिले तर मागे पितळेची बारीक कांब आढळते. तिची टोके वस्तूच्या कडेवर नखासारखी वळवलेली असतात आणि त्यांना वस्तूच्याच छटेचा रंग दिलेला असतो. प्रत्येक वस्तूच्या मापाने असे आधार घडवणे हा मोठ्या संग्रहालयांत आज एक स्वतंत्र व्यवसाय आहे. या कामाचे कौतुक मात्र बहुधा एकाच वाक्यात होते: ‘आधार दिसतसुद्धा नाही!’ हा निकष अपुरा आहे, आणि काही वेळा चुकीच्या दिशेने नेणारा आहे, असे मला वाटते.

प्रथम पितळाचे गुण पाहू. तांबे आणि जस्त यांचा हा मिश्रधातू तापवून मऊ केला की पक्कडीने सहज वळतो आणि कानशीने चांगला घासला जातो. चांदीयुक्त डाखाने तो सुमारे ७०० अंश सेल्सिअसला जोडता येतो. पितळ स्वतः वितळायला ९०० अंशांच्या आसपास तापमान लागते. सोनार खड्याला कोंदण घडवतो, त्याच जातीचे हे कौशल्य आहे. फरक एवढाच, की कोंदण खड्याला आवळून धरते. येथे वस्तू पेलायची असते, आवळायची नसते. डोळ्यांना आधाराचा अडथळा होऊ नये, हेही योग्यच. पण एवढ्यावर परीक्षा संपत नाही.

पहिला प्रश्न भाराचा. वस्तूचे वजन खालून, तिच्या भक्कम भागावर पेलले गेले पाहिजे. वरच्या नखांनी फक्त कलंडणे रोखायचे. घडा काठाला धरून टांगला तर सगळा भार नेमका नाजूक जागी येतो. आता आधार दिसू नये म्हणून ६ मिलिमीटर व्यासाच्या कांबेऐवजी ३ मिलिमीटरची वापरली, तर काय होईल? गोल कांबेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे तेवढ्याच वजनाखाली बारीक कांब १६ पट वाकेल. शिवाय पितळाचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा.

आधाराचा विचार कमी पडला तर काय होते, हे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात दिसले. तुल्लिओ लोंबार्दो या शिल्पकाराचा पंधराव्या शतकातील ‘आदम’ हा पुरुषभर उंचीचा संगमरवरी पुतळा ६ ऑक्टोबर २००२ रोजी कोसळला. दोष पुतळ्यात नव्हता. खालचा प्लायवुडचा चौथरा खचला होता. पुतळ्याचे लहानमोठे शेकडो तुकडे झाले. तो पुन्हा प्रेक्षकांसमोर यायला २०१४ साल उजाडले.

दुसरा प्रश्न रसायनाचा. दमट हवेत पितळ लोखंडी वस्तूला टेकले तर विद्युतघट तयार होतो आणि लोखंड लवकर गंजते. म्हणून मध्ये अस्तर हवे. पण अस्तर कशाचे? लोकर आणि व्हल्कनाइज केलेले रबर यांतून गंधकाची संयुगे बाहेर पडतात व चांदी काळवंडते. ब्रिटिश म्युझियममधील अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी एक चाचणी मांडली. बंद पात्रात, दमट हवेत, ६० अंश तापमानाला तो पदार्थ चांदी, तांबे आणि शिसे यांच्या पट्ट्यांसोबत २८ दिवस ठेवायचा आणि पट्ट्या पाहायच्या.

खुद्द पितळही सर्वस्वी निर्धोक नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराच्या काडतुसांची पितळी कवचे पावसाळ्यात तडकत. तबेल्यात साठवलेल्या काडतुसांना घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया लागत असे, आणि थंड अवस्थेत आकार दिल्यामुळे पितळात ताण उरलेला असे. हे दोन्ही एकत्र आल्याने तडे जातात, हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. थंडच वळवलेल्या कांबेतही असा ताण उरतो, आणि काच पुसण्याच्या अनेक द्रावणांत अमोनिया असतो. वळवून झाल्यावर कांब २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवली की ताण बराच उतरतो. हे केले आहे की नाही, ते आधाराकडे पाहून कळत नाही.

तिसरा प्रश्न परतीच्या वाटेचा. वस्तूला इजा न करता आधार काढता येतो का? ‘दिसू नये’ हाच निकष धरला, तर वस्तूला भोक पाडून आत सळई घालणे सर्वांत उत्तम ठरेल! विसाव्या शतकाच्या आरंभी डायनोसॉरचे सांगाडे उभारताना हाडांना भोके पाडून लोखंडी सळया घातल्या गेल्या. याउलट शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये २००० साली उभारलेल्या ‘सू’ या टिरॅनोसॉरसच्या हाडांना स्वतंत्र धातूच्या पकडी आहेत. त्या दिसतात, पण अभ्यासासाठी एखादे हाड सोडवून घेता येते. विज्ञानाच्या दृष्टीने हीच मांडणी सरस आहे.

माझा दुसरा आक्षेप माहितीफलकांवर आहे. त्यांवर काळ आणि स्थळ असते. वस्तू कशावर टेकली आहे आणि का, याची एक ओळही सहसा नसते. यंत्रशास्त्राचा आणि रसायनाचा एक चांगला पाठ विद्यार्थ्यासमोर असूनही त्याच्यापासून लपवला जातो.

शिक्षकांनी तो उघड करावा. दोन स्वच्छ बाटल्यांत ओला कापूस, घासून चकचकीत केलेली तांब्याची तार आणि चांदीचा एखादा लहान तुकडा ठेवा. एकीत रबराचे तुकडेही टाका. दोन्ही घट्ट बंद करून महिनाभर उबदार जागी ठेवा आणि मग तुलना करा. शाळेच्या कपाटातले शंख आणि जीवाश्म फळीवर सरसाने चिकटवले असतील, तर ते तसे का ठेवू नयेत, यावर वर्गात चर्चा घ्या. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना निदान एका वस्तूच्या मागे डोकावायला सांगा. भार कुठे पडतो, कशाला काय टेकले आहे आणि वस्तू सुखरूप सोडवता येईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांनी स्वतः शोधावीत.