उसन्या देहातील ऑर्फियस

सॅम्युएल डिलेनी या अमेरिकन लेखकाची ‘द आइन्स्टाइन इंटरसेक्शन’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली व त्या वर्षीचे नेब्युला पारितोषिक तिला मिळाले. विज्ञानकथा म्हटली की अग्निबाणांची वाट पाहणाऱ्या वाचकाची येथे निराशा होईल. मानवजात पृथ्वीवरून केव्हाच नाहीशी झाली आहे आणि तिच्या ओस घरात परके जीव राहावयास आले आहेत. त्यांनी माणसाचा देह धारण केला व देहाबरोबर त्याच्या पुराणकथाही पत्करल्या.

नायक लोबी हा त्यांच्यापैकीच. दुसऱ्याच्या मनातील सूर त्याला ऐकू येतात आणि बासरीचेही काम देणाऱ्या कोयत्यावर तो ते वाजवितो. त्याची मुकी प्रेयसी फ्रीझा मरण पावते. तिच्या शोधार्थ तो गाव सोडतो आणि नकळत ऑर्फियसची वाट चालू लागतो.

ऑर्फियसची युरिडिसी सर्पदंशाने मेली, तशीच महाभारतातील प्रमद्वराही. परंतु रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळविले. ऑर्फियसने मागे वळून पाहिले व तिला गमावले. एकाच दुःखाला दोन संस्कृतींनी दोन शेवट दिले. मग परक्याची कथा अंगावर घेणाऱ्याने तिचा शेवटही पत्करलाच पाहिजे काय? कादंबरीचा खरा प्रश्न हाच आहे.

लोबीच्या गावात धडधाकटांच्याच नावामागे ‘लो’, ‘ला’ वा ‘ले’ ही उपपदे लागतात. इतरांना वेगळे कोंडून ठेवतात. जे स्वतः माणूस नाहीत, त्यांनीच माणूसपणाची मोजपट्टी इतकी कडक करावी, हा उपरोध लेखकाने न बोलता साधला आहे.

उत्तरार्ध मात्र विस्कळीत झाला आहे. ख्रिस्तकथा, बिली द किड, जीन हार्लो यांची एकच गर्दी उडते आणि अमेरिकन संदर्भांशी अपरिचित वाचक बाहेरच राहतो. आइन्स्टाइन व गोडेल यांच्यावरील विवेचनही कथेत मुरलेले नाही.

तरीही हे पुस्तक वाचावेच. बदलीच्या गावी दुसऱ्याने रिकाम्या केलेल्या घरात बिऱ्हाड मांडणाऱ्यास लोबी फारसा परका वाटणार नाही. भिंतीवरचे जुने खिळे तसेच ठेवावेत, की उपटून टाकावेत?