‘दिदाखे’ आणि आमचा रविवार

आरंभीच्या ख्रिस्तसभेविषयी बोलताना आम्हां धर्मगुरूंचा स्वर नकळत हळवा होतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या दुसऱ्या व चौथ्या अध्यायांतील चित्र आम्ही प्रवचनांतून किती वेळा रंगवले असेल याची गणती नाही. सर्वांचे मन एक, सर्वांची मालमत्ता सामाईक, कोणालाही कशाची उणीव नाही, घरोघरी भाकर मोडली जात आहे. चित्र पूर्ण झाले की समोरच्या बाकांकडे पाहून ‘आणि आज आपण?’ असा प्रश्न टाकायचा आणि थांबायचे. असे प्रवचन ऐकायला बरे वाटते. पण त्याचा परिणाम रविवारच्या दुपारच्या जेवणापर्यंतही टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे. हरवलेल्या सुवर्णकाळाबद्दल माणूस फार तर हळहळतो. त्याप्रमाणे आपल्याला जगता येईल असे त्याला वाटत नाही.

वास्तविक तो काळ असा सोन्याचा नव्हताच. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात जमीन विकून किमतीचा काही भाग लपवून ठेवणारे हनन्या आणि सप्पीरा हे दांपत्य भेटते. सहाव्या अध्यायात रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्यांची तक्रार आहे. करिंथ येथे प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन धुंद होतो, हे संत पौलाला खेदाने लिहावे लागले. तेव्हा आरंभीच्या ख्रिस्ती लोकांपासून आपण काही शिकायचे असेल तर ते निर्दोष होते म्हणून नव्हे. आपल्या दोषांचे त्यांनी काय केले, हे पाहून शिकले पाहिजे. या दृष्टीने ज्या एका लहानशा पुस्तिकेने आम्हांला अंतर्मुख केले, तिच्याविषयी येथे चार शब्द लिहावेत असे वाटते.

या पुस्तिकेचे नाव ‘दिदाखे’. या ग्रीक शब्दाचा अर्थ शिकवण. ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या नावाने ती प्राचीन काळी परिचित होती. संत अथानासिअस यांनी इ.स. 367 च्या आपल्या पत्रात तिला पवित्र शास्त्राच्या ग्रंथांत स्थान दिले नाही. परंतु श्रद्धेत नव्याने येणाऱ्यांना वाचावयास योग्य अशा पुस्तकांत तिची गणना केली. पुढे ती जणू नाहीशी झाली. 1873 मध्ये फिलोथिओस ब्रिएन्निओस या ग्रीक ऑर्थोडॉक्स विद्वानांना कॉन्स्टँटिनोपल येथील एका मठाच्या ग्रंथालयात 1056 साली नकललेले एक हस्तलिखित सापडले. त्यात ही पुस्तिका होती, आणि 1883 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा त्याच्या आसपास, बहुधा सीरियाच्या परिसरात ती तयार झाली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे नव्या करारातील काही ग्रंथ लिहिले जात होते त्याच सुमारास.

पुस्तिकेचे अध्याय सोळा; पण ते इतके लहान की अर्ध्या तासात वाचून होतात. पहिल्या सहा अध्यायांत जीवनाचा मार्ग आणि मृत्यूचा मार्ग यांचे वर्णन आहे. गर्भपात आणि नवजात बालकाची हत्या यांना त्यात स्पष्ट मनाई आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 च्या आपल्या परिपत्रात या भागाचा आधार घेतला, तो त्यामुळेच. त्यानंतर स्नानसंस्कार, उपवास, प्रार्थना व प्रभुभोजन यांविषयी सूचना, मग फिरत्या उपदेशकांना कसे वागवावे याचे नियम, आणि शेवटी प्रभूच्या आगमनासाठी जागे राहण्याचा इशारा.

साहित्यकृती म्हणून पाहिल्यास ‘दिदाखे’ ओबडधोबड आहे. लेखकाचे नाव नाही, गावाचे नाव नाही, अलंकार जवळजवळ नाहीत. डोंगरांवर विखुरलेले धान्य एकत्र येऊन भाकर होते तशी ख्रिस्तसभा पृथ्वीच्या टोकांपासून एकत्र यावी, ही प्रार्थनेतील एक प्रतिमा तेवढी मनात घर करते. बाकी सारी भाषा घरातील वडीलधाऱ्या माणसाची: हे करा, ते करू नका. मात्र या तुटक वाक्यांच्या आड एक विलक्षण समंजसपणा आहे. स्नानसंस्कार वाहत्या पाण्यात द्यावा. वाहते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड चालत नसेल तर कोमट पाण्यात. दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. प्रभूचे जू पूर्णपणे पेलता आले तर उत्तम. न पेलल्यास जेवढे जमेल तेवढे करावे. आदर्श खाली न आणता दुबळ्याला सांभाळून घेण्याची ही रीत पाहिली की नियम करणारा माणूस लोकांमध्ये राहणारा होता, याची खात्री पटते.

परंतु हाच समंजस लेखक दोन ठिकाणी मुळीच सवलत देत नाही. पहिले ठिकाण आम्हां उपदेशकांचे. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषिताचे स्वागत प्रत्यक्ष प्रभूप्रमाणे करावे, असे तो सांगतो. पण पाहुण्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. आत्म्याच्या प्रेरणेने बोलत असल्याचे सांगून स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचे ऐकू नये. गरजवंत दुसऱ्यासाठी मागत असेल तर मात्र कोणी त्याचा न्याय करू नये. काम न करता ख्रिस्ती नावावर जगू पाहणाऱ्यासाठी ‘दिदाखे’ने एक ग्रीक शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ होतो ख्रिस्ताचा व्यापारी.

हा शब्द वाचल्यावर आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पूर्वीच्या एका धर्मग्रामात सणापूर्वीच्या सलग तीन रविवारी आम्ही मिस्साच्या अखेरीस बांधकाम निधीचे आवाहन केले होते. निधी जमला, काम झाले. त्या तीन रविवारी गोरगरिबांसाठी आमच्या तोंडून एक शब्दही निघाला नव्हता, हे मागाहून आमच्या ध्यानात आले. खऱ्या उपदेशकाला आपल्या शेतातील व गुराढोरांतील पहिले उत्पन्न द्यावे, असे ‘दिदाखे’ही सांगते, धर्मगुरूंचा निर्वाह लोकांनी करावा हे तिला मान्य आहे. पण लागलीच ती पुढे म्हणते की उपदेशक नसेल तर ते गरिबांना द्यावे. धर्मगुरू आणि गरीब एकाच ताटावर हक्क सांगणारे आहेत. आमचा वाटा घेताना दुसरा वाटेकरी कोण, हे आम्ही विसरता कामा नये.

दुसरे ठिकाण प्रभुभोजनाचे, आणि तेथे प्रश्न आपणां सर्वांचा आहे. चौदाव्या अध्यायात सांगितले आहे की प्रभूच्या दिवशी एकत्र जमून भाकर मोडावी, पण त्याआधी आपल्या पापांची कबुली द्यावी. आणि ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे, त्याने समेट होईपर्यंत तुमच्यात येऊ नये, नाहीतर तुमचा बली विटाळेल. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जा, ही प्रभूची आज्ञा आपण शुभवर्तमानातून शेकडो वेळा ऐकली आहे. ‘दिदाखे’ तिला रविवारचा नियम करते.

काही वर्षांपूर्वी मिस्सानंतर एक वृद्ध माता आमच्याकडे आली. तिचे दोन मुलगे वाडीच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. ती म्हणाली, “फादर, दोघेही तुमच्या हातून प्रभूला घेतात. मग घरी आल्यावर एकमेकांचे तोंड का बघत नाहीत?” आम्ही “आजी, प्रार्थना करा” एवढे म्हणून सुटका करून घेतली. पुढे ‘दिदाखे’च्या त्या ओळींनी बोचणी लावली तेव्हा थोरल्या मुलाच्या घरी गेलो. त्याने शांतपणे विचारले, “मग फादर, मी कम्युनियन घ्यायचे बंद करू का?”

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांला देता आले नाही. पुस्तिका पुन्हा वाचली तेव्हा जाणवले की तो नियम एकट्या थोरल्याला किंवा धाकट्याला सांगितलेला नाही. चौथ्या अध्यायात भांडणाऱ्यांमध्ये समेट घडवून आणा, अशी आज्ञा सर्वांना आहे. पंधराव्यात एकमेकांची चूक रागाने नव्हे तर शांतीने दाखवा, असे सांगितले आहे. म्हणजे दोन भाऊ भांडत असतील तर बली विटाळतो तो साऱ्या मंडळीचा, आणि समेट घडवण्याचे कामही साऱ्या मंडळीचे. त्या दोघांमध्ये बसणारे कोणीच नव्हते, आम्हीसुद्धा नव्हतो. कोणाला रांगेतून बाहेर काढायचे हे ठरवणे सोपे आहे; कोणाच्या ओटीवर जाऊन बसायचे हे ठरवणे कठीण.

दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोममध्ये लिहिणाऱ्या संत जस्टिन यांच्या वर्णनात भाकर व प्याला वेदीकडे आणण्यापूर्वी लोक एकमेकांना शांतीचे चुंबन देत असल्याचा उल्लेख आहे. आपल्या मिस्सातही कम्युनियनपूर्वी शांतीचे चिन्ह आहे. आपण हात जोडतो ते शेजारच्या बाकावरील माणसाला. ज्याच्याशी अबोला आहे तो सहसा मंदिराच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असतो.

‘दिदाखे’त उणिवा नाहीत असे नाही. येशूचे दुःखसहन व पुनरुत्थान यांचा तिच्यात स्पष्ट उल्लेख येत नाही. शुभवर्तमानाची जागा ती घेऊ शकत नाही. गुलामाला कटुतेने हुकूम करू नका असे ती मालकाला सांगते, पण गुलामगिरीवर प्रश्न उपस्थित करीत नाही. ढोंगी लोक सोमवारी व गुरुवारी उपवास करतात म्हणून तुम्ही बुधवारी व शुक्रवारी करा, असे ती म्हणते. दिवस बदलल्याने ढोंग कसे टळते हे मात्र सांगत नाही. सोमवार व गुरुवार हे धर्मनिष्ठ यहुद्यांचे उपवासाचे दिवस. यहुदी बांधवांविषयी ही जी तुच्छता डोकावते, तिची कटू फळे पुढील शतकांनी पाहिली आणि 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला त्याबाबत वेगळी भाषा बोलावी लागली. आरंभीची ख्रिस्तसभा पूजेला ठेवायची नाही; तिच्याशीही शांतीने वाद घालायचा आहे.

तरीही हे लहानसे पुस्तक आमच्या टेबलावर आता कायमचे राहिले आहे. त्या दोन भावांचा समेट पूर्ण झाला असे सांगता येणार नाही. धर्मग्रामातील दोन वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन आम्ही तीनदा जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला धाकटा उठून गेला नाही, इतकेच. पण शनिवारी संध्याकाळी प्रवचनाची तयारी करताना आता आम्ही पहिल्या ख्रिस्ती लोकांचे चित्र रंगवत बसत नाही. उद्याच्या रांगेत कोण कोण एकमेकांशी बोलत नाहीत, याची आठवण करतो. आणि त्यांतील एखादे घर जवळ असेल तर प्रवचन अर्धवट ठेवून निघतो.