विजेची गाडी : सक्तीचा वाद आणि त्यातला हिशेब

गेल्या हिवाळ्यात नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. विषय होता, 'विजेवरील वाहने सरकारने सक्तीची करावीत'. मुले तयारीने आली होती. बाजूने बोलणाऱ्यांनी ध्रुवावरच्या वितळत्या बर्फापासून सुरुवात केली आणि 'शून्य प्रदूषण' या शब्दावर टाळ्या घेतल्या. विरोधकांनी 'मी काय चालवावे हे सांगणारे सरकार कोण?' असा सवाल टाकून त्याहून मोठ्या टाळ्या घेतल्या. दोन तासांच्या या सामन्यात हिशेब म्हणून एकही झाला नाही. बक्षिसे आम्ही वाटली, पण मनापासून वाटली असे म्हणवत नाही. दोष मुलांचा नव्हे. वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर मोठ्यांचा जो वाद ती ऐकतात, त्याचीच ही नक्कल होती. प्रस्तुत टिपण त्या मोठ्यांच्या वादाविषयी आहे.

पहिला प्रश्न असा की ज्या सक्तीवरून एवढे रण माजते ती आहे कोठे? २०१७ साली तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री पीयूष गोयल यांनी २०३० नंतर पेट्रोल-डिझेलची एकही मोटार विकली जाऊ नये अशी आकांक्षा बोलून दाखवली. वर्षभरात सरकारने तो सूर सोडला. २०१९ साली नीती आयोगाकडून सूचना आली की तीनचाकी २०२३ पर्यंत आणि दीडशे सीसीच्या आतील दुचाकी २०२५ पर्यंत केवळ विजेवरच्या असाव्यात. बजाज, टीव्हीएस यांसारख्या कारखानदारांनी कडाडून विरोध केला आणि ती सूचनाही कागदावर राहिली. महाराष्ट्राच्या २०२१ आणि २०२५ च्या धोरणांत खासगी ग्राहकावर सक्ती नाही. आहेत त्या सवलती. अनुदान, करमाफी, आणि २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना पथकर माफ. आता शाळेत दुचाकीने ये-जा करणाऱ्या शिक्षकाला अटल सेतूवरच्या माफीचा उपयोग काय, हे आम्हांला उमगलेले नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर सुचवला होता, तोही त्याच महिन्यात मागे घेतला गेला. सक्तीपेक्षा सवलत कोणाच्या खिशात पडते हा वाद घालण्याजोगा आहे, पण तो कोणी घालत नाही.

खरी सक्ती दुसरीकडेच झाली, आणि तिच्यावर स्पर्धेतला एकही वक्ता बोलला नाही. ती त्यांच्या घरच्या गाडीच्या टाकीत होती. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते. ते अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये गाठलेही गेले. आज नेहमीच्या पंपावर गेलात तर साध्या पेट्रोलचा पर्याय मिळत नाही. तो मिळावा म्हणून केलेली जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे एक-पंचमांश भागात एक-तृतीयांश तूट, एकूण घट सात टक्क्यांच्या घरात. इथेनॉलचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने त्यासाठी बनवलेल्या इंजिनात यातली काही तूट भरून निघते. जुन्या इंजिनात ती संधी नसते. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट सांगितली होती.

आम्ही इथेनॉलच्या विरोधात आहोत असा कृपया अर्थ काढू नये. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली ज्या जिल्ह्यात उभा केला, तेथे बसून असे बोलणे सोपेही नाही. सभागृहातल्या निम्म्या मुलांची फी उसाच्या बिलातून आली असणार. आमची तक्रार एवढीच की जी सक्ती आपल्या सोयीची ती 'धोरण' आणि जी गैरसोयीची ती 'स्वातंत्र्यावर घाला', असे दोन काटे वापरून वजन करू नये.

सक्ती म्हणजे वाईटच, हेही खरे नाही. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते, आणि धूर सोडणाऱ्याला त्याचा दाम मोजावा लागत नव्हता. 'मला शिसेयुक्त पेट्रोल निवडण्याचा हक्क आहे' असे आज कोणी म्हणेल का? १ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ हे धुराचे मानक आले, तीही सक्तीच. मात्र तिची रचना लक्षात घ्यावी. धुरात अमुक घटक अमुक मात्रेपेक्षा जास्त नको, एवढेच ती सांगते. ते इंजिन सुधारून साधा, धुराड्यात उत्प्रेरक बसवून साधा किंवा इंजिनच काढून मोटर बसवून साधा, तो कारखानदाराचा प्रश्न. आमचे मत या बाजूला झुकते: दुसऱ्याच्या फुप्फुसावर पडणारा भार सरकारने बंधनकारक रीतीने कमी करावा, पण त्यासाठी वापरायचे यंत्र ठरवून देऊ नये. या मार्गात एक खाच आहे. भार मोजता आला पाहिजे, आणि मोजणारा प्रामाणिक हवा. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी प्रयोगशाळेत कमी आणि रस्त्यावर जास्त धूर सोडत होत्या, हे २०१५ साली उघड झाले.

आता तो हिशेब, जो स्पर्धेत व्हायला हवा होता. शिक्षकमित्रांनी तो नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर जरूर करावा. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, त्यात कार्बन अंदाजे ८६ टक्के, म्हणजे ६३६ ग्रॅम. कार्बनच्या १२ ग्रॅमपासून कार्बन डायऑक्साइडचे ४४ ग्रॅम होतात. गुणाकार केला की लिटरमागे सुमारे २.३ किलो वायू येतो. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार १०० किलोमीटरला सुमारे ६.७ लिटर जाळते, म्हणजे धुराड्यातून १५ किलोच्या थोडे वर. तेवढ्याच अंतराला विजेची मोटार बॅटरीतून १५ युनिट घेते असे धरू. चार्जिंग आणि वहनातली गळती जमेस धरता वीजकेंद्रात सुमारे २० युनिट तयार करावी लागतात. देशातल्या विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७३ किलो वायू पडतो. उत्तर येते १४.६ किलो. जवळजवळ बरोबरी!

येथे विरोधक टाळ्या वाजवतील, पण हिशेब संपलेला नाही. तेल काढणे, शुद्ध करणे, वाहून आणणे यांचा एक-पंचमांश भार पेट्रोलवर चढवला की ते १८ किलोंच्या पुढे जाते. कोळसा खणण्याचाही थोडा भार विजेवर चढतो, तरी ती पुढेच राहते. उलट बाजूने, ३० युनिटांची बॅटरी बनवतानाच दोन-अडीच टन वायू बाहेर पडलेला असतो. तो फिटायला आजच्या विजेवर सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर धावावे लागते. म्हणजे गाडी फार न चालवणाऱ्याने केवळ पर्यावरणासाठी विजेची मोटार घेतली, तर त्याला पुण्य मिळायला बरीच वर्षे लागतील.

दुचाकीचे गणित मात्र निराळे निघते. पेट्रोलची दुचाकी ५० किलोमीटरला एक लिटर या हिशेबाने १०० किलोमीटरला ४.६ किलो, तेलाचा वरखर्च धरून साडेपाच. विजेची दुचाकी बॅटरीतून ३ युनिट, केंद्रात ४, म्हणजे २.९ किलो. जवळपास निम्मे! लहान पेट्रोल इंजिनाची कार्यक्षमता कमी असते, विजेची मोटर लहान असली तरी कार्यक्षम राहते. बॅटरीही लहान, तिचे कर्ज नऊ-दहा हजार किलोमीटरमध्ये फिटते. आकडे ढोबळ आहेत, आपापल्या गाडीचे घालून पाहावेत. पण जिल्ह्याच्या रस्त्यांवर दुचाकीच जास्त, आणि वाद मात्र मोटारीचा चालतो, ही मौज आहे.

या आकड्यांत ०.७३ हा अंक स्थिर नाही, हेही मुलांना सांगावे. २०२५ साली देशाच्या स्थापित वीजक्षमतेत जीवाश्म इंधनाविना असलेला वाटा निम्मा झाला अशी बातमी आली. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. सूर्य रात्री नसतो, आणि प्रत्यक्ष निर्मितीतला तो वाटा चतुर्थांशाच्या आसपास आहे. शेतीला दिवसा वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. भर दुपारी अशा विजेवर गाडी चार्ज केली तर वरचा हिशेब पार बदलतो. रात्री केली तर माळीवाड्याच्या चौकातला धूर कमी होऊन चंद्रपूर-परळीचा वाढतो. तिथल्या लोकांना कोणी विचारले आहे का?

राहिला 'निवड' हा शब्द. नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना बाजारात आणली तेव्हा स्कूटर हवी असलेल्या माणसाला नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. परवाना पद्धतीत ग्राहकाची निवड दुकानात शिरण्यापूर्वीच झालेली असे. त्याच घराण्यातल्या कायनेटिक ग्रीन कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेची लूना आणली. बॅटरी २ युनिटांची, आणि एका चार्जिंगमध्ये ११० किलोमीटर असा कंपनीचा दावा. ग्राहकाला निवड करायची तर अशा दाव्यांवर विसंबता आले पाहिजे. नगरजवळच संरक्षण संशोधन संघटनेची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांखाली गाड्या प्रमाणित करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत ती मोडते. पण प्रमाणित चाचणी ठरावीक वेगाच्या आवर्तनावर होते. मोटारींच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे वातानुकूलन बंद ठेवून होत आली. चाचणीत घाटाचा चढ नसतो, मागे बसलेली दोन माणसे नसतात. म्हणून जाहिरातीतल्या आकड्याचा तृतीयांश भाग मनातल्या मनात वजा करावा असे आम्ही सुचवतो. प्रत्यक्ष वापरातला आकडा छापणे बंधनकारक केले, तर त्या सक्तीला आम्ही दोन्ही हात वर करू.

बाहेरच्या जगाचे दाखलेही वादात अर्धवट येतात. कॅलिफोर्नियाने १९९० साली हुकूम काढला की १९९८ पासून मोठ्या कारखानदारांच्या विक्रीत २ टक्के गाड्या धूररहित असाव्यात. १९९६ साली तो सैल करावा लागला. नॉर्वेत बंदी न घालता २०२४ मध्ये दहापैकी जवळपास नऊ नव्या मोटारी विजेच्या होत्या. विरोधकांना हे निवडीचे उदाहरण वाटते, पण तेथे पेट्रोलच्या मोटारीवर जबर कर होता आणि विजेच्या मोटारीला बराच काळ तो माफ. शिवाय वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची.

स्पर्धेनंतर शिक्षकांच्या खोलीत चहा घेत असताना विरोधी संघातली दहावीची एक मुलगी वही घेऊन आली. आम्ही समारोपात वरचा हिशेब थोडा सांगितला होता, तिने तो घरच्या गाडीला लावला होता. वडील रोज पहाटे दुचाकीला दोन कॅन बांधून डेअरीवर दूध घालायला जातात, येऊन-जाऊन २२ किलोमीटर. वर्षाला आठ हजार किलोमीटर. पेट्रोल १६० लिटर, म्हणजे सोळा हजारांच्या वर. वीज पावणेतीनशे युनिट, आठ रुपयांनी बावीसशे. वस्ती शेतीपंपाच्या वाहिनीवर, वीज पाळीने. पण रोजच्या अंतराला एक युनिटसुद्धा लागत नाही, आठ तासांची पाळी पुरून उरते, हेही तिने मांडले होते. गणित बिनचूक होते. मग अडचण काय, असे आम्ही विचारले.

"सर, डीपी जळाली की आमच्याकडे आठ-आठ दिवस वीज नसते. पेट्रोल संपले तर शेजारच्या वस्तीवरून बाटलीत आणता येते. विजेचे काय करायचे? दूध तर रोजच घालायचे असते."

तिच्या वडिलांनी अजून पेट्रोलचीच गाडी ठेवली आहे.