देवगावचा तह आणि ‘फ्रेंच संकटा’ची मीमांसा

लॉर्ड वेलस्ली यांची पत्रे व टिपणे माँटगोमरी मार्टिन यांनी १८३६-३७ मध्ये पाच खंडांत प्रसिद्ध केली. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धाचे जे विवेचन इंग्रजी ग्रंथांतून रूढ झाले, त्याचा पाया बहुतांशी या पत्रव्यवहारात आहे. यमुनाकाठी पेराँने जणू फ्रेंच राज्यच उभारले असून ते मोडल्यावाचून कंपनीस स्वास्थ्य नाही, हा त्यातील एक प्रमुख युक्तिवाद होय. ही भीती सर्वस्वी कल्पित होती, असे म्हणता येणार नाही. बोनापार्टची इजिप्तवरील स्वारी १७९८ ची. जनरल दकाँ हाही जुलै १८०३ मध्ये पाँडिचेरीस येऊन गेला होता.

तथापि कालक्रम लक्षात घेता ही कारणमीमांसा अपुरी ठरते. युद्धाचे मूळ जो वसईचा तह, तो ३१ डिसेंबर १८०२ चा. म्हणजे इंग्लंड व फ्रान्स यांच्यात आमियाँच्या तहान्वये सलोखा असतानाचा. असईच्या रणांगणावर (२३ सप्टेंबर १८०३) शिंद्यांच्या कवायती पलटणींचा प्रमुख पोलमन हा हॅनोव्हरचा होता, आणि हॅनोव्हरचा अधिपती इंग्लंडचा तिसरा जॉर्ज हाच होता. पेराँ तर त्याच महिन्यात शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयास गेला.

यानंतरच नागपूरकर भोसल्यांवर खरा आघात झाला. २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग तेथेच कामी आला. दुसऱ्या रघूजीच्या फौजेत पेराँच्या तोलाचा फ्रेंच सेनानी नव्हता. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात शत्रुराष्ट्रातील फ्रेंचादी परकीयांस चाकरीस न ठेवण्याचे कलम आहे खरे. परंतु त्या कलमाने नागपूरचे फारसे काही गेले नाही. गेले ते मुलुखाच्या कलमांनी. बालेश्वर बंदरासह कटक कंपनीने घेतले आणि त्यायोगे बंगाल व मद्रास हे इलाखे किनाऱ्याने जोडले गेले. वर्धेच्या पश्चिमेचा प्रदेश निजामाच्या वाट्यास आला.

तात्पर्य, ही पत्रे गव्हर्नर-जनरलच्या मनातील भीतीचा आणि लंडनला पटवावयाच्या समर्थनाचा अस्सल पुरावा आहेत. युद्धाच्या कारणांचा पुरावा म्हणून मात्र ती एकटी पुरेशी नाहीत. समर्थन आणि कारण यांतील हे अंतर ध्यानी न घेता त्यांचा आधार घेतल्यास नागपूरचा इतिहास पॅरिसच्या राजकारणाची तळटीप होऊन बसतो. तहाची कलमे पत्रांशेजारी ठेवून वाचणे, हाच त्यावरील उपाय होय.